तुळशींतील भांग

तुळशींत भांग उगवली असें आपण म्हणतों, तेव्हां चांगल्या कुळांतील वाईट निपज आपल्या मनांत असते. झाड कोणाच्याच डोळ्यांपुढें नसतें. परंतु, श्रोतेहो, ही म्हण अंगणांतली आहे. दोन्ही रोपें शेजारीं उगवलेलीं पाहिल्याशिवाय ती सुचली नसती. विलेपार्ल्याच्या परसांत आज जास्वंद, अळू, फार तर एखादा शेवगा सांपडेल. भांगेचें रोप सांपडलें तर तो फौजदारी गुन्हा होतो. अंगणांतलें झाड आरोपी कसें झालें, तें सांगावयाचें आहे.

अथर्ववेदांत सोमाबरोबर ज्या वनस्पतींचें नांव घेतलें आहे त्यांत भंग आहे. पाणिनीनें तर तीळ, उडीद व जवस यांच्या पंक्तीला भंगा बसवून तिच्या शेताला भंग्य किंवा भांगीन म्हणावें असा नियम दिला. व्याकरणकारानें ज्याच्या शेताची दखल घेतली तें पीक आडरानांतलें नव्हे. पुढें सोळाव्या शतकांत मुंबई बेट पट्ट्यानें घेऊन तेथें बाग राखणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें 1563 साली गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत भांगेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला.

या झाडांत नर व मादी निराळीं असतात आणि पराग वाऱ्यावर उडतो. मादीला पराग लागला कीं तिचें बळ बियांत जातें व राळ कमी होते. म्हणून गांजा पिकविणारा शेतकरी नर रोपें वेळींच उपटून टाकी. मुंबई इलाख्यांत हें काम मुख्यतः नगर जिल्ह्यांत चाले. परसांतील चार रोपांना एवढी राखण कोण करणार? त्यांच्या पानांची घोटून भांग होई, आणि तिला हा खटाटोप लागत नसे. गांजा शेताचा, भांग घराची, आणि चरस यारकंदहून डोंगर ओलांडून येणारा, असा ढोबळ भेद म्हणतां येईल.

विलायतेच्या पार्लमेंटांत केन नांवाच्या सभासदानें 1893 साली प्रश्न विचारला आणि हिंदुस्थान सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांत तीन हिंदी. त्यांनीं 1,193 साक्षी घेतल्या व 1894 साली सात खंडांचा अहवाल दिला. मुंबईचे जेम्स कॅम्पबेल यांनीं त्याला भांगेच्या धर्मकल्पनांवर एक टिपण जोडलें. हे तेच कॅम्पबेल, ज्यांच्या हाताखालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें. विलेपार्लें तेव्हां त्या जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांत होतें.

या अहवालांतील मला सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा वाटतो. गांजानें माणूस वेडा होतो ही समजूत तेथील नोंदवह्यांवर उभी होती. सभासदांनीं त्या वह्या उघडल्या, 1892 सालची एकेक नोंद तपासली, आणि आढळलें तें असें, कीं वेडाचें कारण पुष्कळदां पोलिसांच्या कागदावरून उतरून घेतलें होतें. रोग्याला कधींही न ओळखणाऱ्या शिपायानें 'गांजा' लिहिलें. कारकुनानें तेंच नकलून घेतलें. आणि तक्त्यांतून तें सरकारापर्यंत शास्त्र म्हणून पोंचलें. ज्याच्या कपाळीं हा शिक्का बसला त्याच्या खऱ्या आजाराची विचारपूस कोणी केली असेल? अर्थात् आजचें वैद्यक सांगतें कीं कोंवळ्या वयांत व जास्त प्रमाणांत घेतलेला तीव्र गांजा मनोविकाराचा धोका वाढवितो. भय अगदींच खोटें नव्हतें. पुरावा मात्र खोटा होता.

माफक सेवनानें विशेष अपाय दिसत नाहीं, संपूर्ण बंदी नको, असा निर्णय कमिशननें दिला. मग परसांतील रोपाला अभय मिळावयास हवें होतें. घडलें उलटें. परवान्यावांचून लागवड होऊं नये, ती थोड्या ठिकाणीं एकवटावी, दुकानें मोजकीं असावीं व कर पुरेसा असावा, अशा शिफारशी झाल्या. दुकानांतल्या गांजावर जकात बसते, तुळशीवृंदावनाशेजारच्या रोपावर बसत नाहीं. वेडाच्या आरोपांतून जें झाड बरेंचसें सुटलें, तें महसुलाच्या हिशेबांत सांपडलें.

यापुढचा प्रवास थोडक्यांत सांगतों. मुंबईचा दारूबंदी कायदा 1949 साली आला आणि त्यांत भांग-गांजाही आले. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानें औषधाबाहेरील वापर थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. ती संपण्यापूर्वीं, 1985 साली, आपल्या पार्लमेंटनें अमली पदार्थांचा कायदा केला. त्यांत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतीं पानें त्या व्याख्येंत येत नाहींत. त्यामुळें पानांची भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली, आणि तीं पानें ज्यावर येतात तें झाड परवान्यावांचून लावणें मात्र सर्वत्र गुन्हा ठरलें. गांजा जवळ बाळगल्यास वजन पाहून शिक्षा कमीजास्त होते. लागवडीच्या कलमांत रोपांची संख्या विचारलेली नाहीं: कुंडींतलें एक रोप असो वा शेतभर पीक असो, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड.