सीएससी सेंटरवर काम करणं म्हणजे नेमकं काय?

तेलगाव (जि. बीड) म्हटलं की साखर कारखाना आठवतो. पण अशा गावात कॉम्प्युटर येणाऱ्या पोरांसाठी आणखी एक काम आहे: सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर. बोर्डावर सरकारी योजनांची नावं असली तरी ही सरकारी नोकरी नाही. चालकाला पगार नसतो, कामामागे कमिशन मिळतं. लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, नेट, सगळा खर्च त्याचाच.

2023 च्या खरिपापासून दोन वर्षं पीक विमा 1 रुपयात होता. शेतकऱ्याने द्यायचा 1 रुपया, चालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे 40. शेवटच्या तारखेला सर्व्हर हळू, ओटीपी येत नाही, दारात रांग. घाईत गट नंबर चुकला की भरपाई अडकते, आणि लोक धरतात चालकालाच. (जास्त पैसे उकळणारेही होतेच, हे लपवण्यात अर्थ नाही.)

सगळ्यात अवघड अंगठा. ऊसतोडीने बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ओळखतच नाही. मग हात धुवून, बोट बदलून बघायचं. तरी जमलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करायला पाठवावं लागतं, म्हणजे त्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडाली. हे तोंडावर सांगायचं कामही चालकाचंच.