एक चर्च, बाप्तिस्म्याच्या दोन पद्धती

माझं गाव इन्सुली. बांदा शेजारी, गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे ‘ख्रिश्चन’ म्हटलं की कॅथलिकच डोळ्यांसमोर येतात. पण याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याला, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. पुढे अमेरिकेचे भारतातले राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ साली तिथंच जन्मले. वडील मिशनचे डॉक्टर. अहमदनगरला काँग्रिगेशनल मिशन, नाशिकला अँग्लिकन.

म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ अनेकदा त्याच्या मुलुखात कोणतं मिशन आलं यावरून ठरला. मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते. मग युरोपातली जुनी भांडणं आपण का वागवायची?

१९२९ साली लखनौला एकीकरणाची बोलणी सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. एकेचाळीस वर्षं लागली!

बायबल, प्राचीन मतांगिकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हा पाया सगळ्यांना मान्य होता. अडलं ते बाप्तिस्मा द्यायचा कधी यावर. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळालाही देत. बाप्टिस्ट म्हणत, माणसानं स्वतः विश्वास कबूल केल्यावरच. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये राहतील. बिशप नको म्हणणाऱ्यांनी बिशप स्वीकारले, पण कारभार पाळक आणि सामान्य सभासदांसोबत सभेतून चालायचा.

मला यातलं धाडस वाटतं ते असं : कोण बरोबर याचा निकाल न लावताच त्यांनी एकत्र राहायचं ठरवलं.

सगळे मात्र आले नाहीत. वाटाघाटीत असलेलं ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ ऐन वेळी, १९७० सालीच, बाहेर पडलं. कॅथलिक या एकीकरणात नव्हतेच. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. पण मिसेला शेजारी बसलेल्या प्रॉटेस्टंटाला एरवी कम्युनियन मिळत नाही.

मूळ गोष्टींवर एकमत होणं तसं सोपं. ‘मूळ’ कशाला म्हणायचं, यावरच पंगत अजून वेगळी बसते.