कोंड्याचे मोल

कोंड्याचा मांडा करून खाणे, असा वाक्प्रचार मराठीत आहे. त्यात कोंड्याचा गौरव नाही. गरजवंताचा नाइलाज आहे. धान्याचा सकस भाग वेगळा आणि चोथा वेगळा, हा भेद युरोपातील पशुखाद्यशास्त्रानेही दीर्घकाळ प्रमाण मानला. नुकत्याच दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लाच्या खाद्यातून चोथा शक्य तितका काढून टाकावा, हा त्या शास्त्राचा शिरस्ता होऊन बसला. पुढे तोच चोथा मोजूनमापून परत आणावा लागला. त्यामागची हकीकत केवळ वराहपालकांच्या कामाची नाही. तिचा धागा माणसांच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचतो.

आरंभ जर्मनीत झाला. १८६० च्या सुमारास गॉटिंगेनजवळच्या वेंडे येथे विल्हेल्म हेन्नेबेर्ग आणि फ्रीड्रिख स्टोमान यांनी पशुखाद्याच्या पृथक्करणाची एक पद्धती बसविली. नमुना प्रथम सौम्य आम्लात आणि नंतर सौम्य अल्कलीत उकळावयाचा. जे विरघळणार नाही त्यातून राख वजा करावयाची. उरेल तो चोथा. पद्धती सोपी असल्याने ती जगभर रूढ झाली. मात्र उकळताना पुष्कळसे तंतुद्रव्य विरघळून मोजणीतून निसटत असे, आणि जे हाती राही ते पोटात काय कार्य करते याचा उलगडा त्या आकड्यातून होत नसे. १९६० नंतर अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी अधिक नेमकी पद्धती दिली. पण तोवर चोथ्याचा आकडा जितका मोठा तितके खाद्य निकस, ही खूणगाठ पक्की झाली होती.

डुकराच्या पिल्लाच्या बाबतीत तर ती अगदी रास्त वाटे. आईच्या दुधात चोथा मुळीच नसतो. मोकळ्या रानात डुकरीण पिल्लांना तीन-चार महिन्यांत हळूहळू दूध तोडते. तोपर्यंत ती गवत, मुळे आणि कंद चघळावयास शिकलेली असतात. आधुनिक वराहशाळेत हीच गोष्ट तीन-चार आठवड्यांच्या वयात एका दिवसात घडते. आई दुरावते, जागा बदलते, दुधाऐवजी कोरडे खाद्य पुढे येते. पिल्लू एकदोन दिवस धड खात नाही. लहान आतड्यातील रस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर आखूड होतात. न पचलेली प्रथिने पुढे सरकून मोठ्या आतड्यात कुजतात, त्यांतून अमोनियासारखी द्रव्ये निर्माण होतात, आणि ई. कोलाय जातीचे रोगकारक जंतू आतड्याला चिकटून हगवण सुरू होते. तिच्यात पुष्कळ पिल्ले दगावतात.

ह्या संकटावर १९५० च्या सुमारास अनायासे एक उपाय सापडला. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोधात होते. ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला गाळ खाद्यात मिसळला असता प्राणी अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. लवकरच खाद्यात अल्प मात्रेने प्रतिजैविके घालण्याची चाल सर्वत्र पडली. दूध लवकर तोडता येऊ लागले, प्रथिने भरपूर देता येऊ लागली, आणि चोथ्यावाचून काही अडते असे कोणाला वाटेना.

अडत होते, पण ते औषधाने झाकले गेले होते. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ साली इशारा दिला की, माणसांच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीचा हा वापर संपूर्ण बंद केला; तेव्हा दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण उसळली आणि झाकलेले उघडे पडले. तेथील पालकांनी पिल्ले आईजवळ अधिक दिवस ठेवली, प्रथिने कमी केली, बसावयास पेंढा दिला आणि खाद्यात चोथा वाढविला. डेन्मार्कने १९९९ अखेर हीच वाट धरली; युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. मग पुष्कळ ठिकाणी झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रेचा आधार घेण्यात आला. ते जस्त शेणखतावाटे जमिनीत साचते, म्हणून जून २०२२ मध्ये युरोपात तोही आधार काढून घेण्यात आला. दरम्यान २०१५ साली चीनमध्ये डुकरांतील जंतूंत कोलिस्टिन ह्या अखेरच्या आधाराच्या औषधाला न जुमानणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक सापडले. रुग्णांतील जंतूंतही ते आढळले. भारताने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनचा वापर निषिद्ध केला.

आता चोथा करतो तरी काय? पिल्लाला स्वतःला तो पचविता येत नाही. मोठ्या आतड्यातील उपकारक जीवाणू मात्र त्याला आंबवितात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अशी आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. जीवाणूंना चोथा मिळाला की प्रथिनांची कुजही कमी होते. गव्हाचा जाडसर कोंडा किंवा ओटची टरफले फारशी विरघळत नाहीत. ती पोटातील अन्न पुढे ढकलतात आणि रोगजंतूंना ठाण मांडावयास अवधी देत नाहीत.

तथापि सर्व चोथा सारखा नव्हे. ऑस्ट्रेलियातील मर्डोक विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की, आतड्यातील रस बुळबुळीत व दाट करणारे द्रव्य खाद्यात घातल्यास दूध तोडलेल्या पिल्लांत रोगकारक ई. कोलाय उलट फोफावतात. शिवाय चोथा बेसुमार झाला तर लहान पोट लवकर भरते आणि वाढ खुंटते. म्हणून प्रकार कोणता, कण किती जाड, प्रमाण किती आणि पिल्लाचे वय काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मूठभर कोंडा टाकणे हे शहाणपणाचे नाही.

वेंडे येथील त्या जुन्या मोजणीत चोथा हा पिल्लाच्या अंगी न लागणारा शेष होता, आणि तेवढ्यापुरते ते खरेही होते. ज्यांच्या अंगी तो लागतो ते आतड्यातील असंख्य रहिवासी त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. त्यांना उपाशी ठेवून केलेली बचत पुढे औषधांच्या रूपाने फेडावी लागली, आणि त्या औषधांचा गुण ओसरू लागला तेव्हा तिचा बोजा माणसांवरही येऊन पडला.