सावरपाड्याची धांव

त्र्यंबकेश्वराचें नांव घेतलें कीं कुशावर्त, ब्रह्मगिरी आणि गोदावरीचा उगम डोळ्यांपुढें उभा राहतो. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीला अनवाणी प्रदक्षिणा घालणारे यात्रेकरूही आठवतात. परंतु याच तालुक्यांत, हरसूलच्या डोंगराळ भागाकडे, जिकडे यात्रेकरूंची वाट सहसा वळत नाहीं, सावरपाडा नांवाची एक आदिवासी वस्ती आहे. ५ मे १९८५ रोजीं जन्मलेली धांवपटू कविता राऊत ही या वस्तीची कन्या. पुढें वृत्तपत्रांनीं तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ ही पदवी बहाल केली. सावरपाड्याला आगगाडीचा रूळ पोहोंचलेला नाहीं, हें पदवी देणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें!

तिच्या यशाचें एक सोपें स्पष्टीकरण सर्वत्र ऐकूं येतें. डोंगर चढून, पाण्याचे हंडे वाहून पाय बळकट झाले, आणि पदक मिळालें! ऐकावयास हें गोड आहे, पण तसें असतें तर सह्याद्रीच्या प्रत्येक पाड्यांत एक पदक टांगलेलें दिसलें असतें. डोंगरानें दम दिला असेल. त्या दमाला घड्याळाची शिस्त लावली ती नाशिकच्या मैदानानें आणि प्रशिक्षक विजेंद्र सिंह यांनीं.

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे चारशें मीटरच्या धांवपट्टीच्या पंचवीस फेऱ्या. ऑलिंपिकमध्यें ही शर्यत स्त्रियांना खुली झाली ती १९८८ सालीं, सोल येथें; तेव्हां कविता अवघी तीन वर्षांची होती. ८ ऑक्टोबर २०१० रोजीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत केनियाच्या दोघीजणींच्या मागोमाग तिनें हें अंतर ३३ मिनिटें ५.२८ सेकंदांत तोडलें आणि कांस्यपदक मिळविलें. १९५८ सालीं कार्डिफ येथें मिल्खा सिंग यांनीं ४४० यार्डांत सुवर्णपदक जिंकलें होतें. त्यानंतर बावन्न वर्षें या स्पर्धांत एकाही भारतीयाला धांवपट्टीवर वैयक्तिक पदक मिळालेलें नव्हतें. आणि भारतीय स्त्रीला तर तें कधींच मिळालें नव्हतें.

पण तिच्या कारकीर्दींतील खरा विस्मय त्यापुढच्या चव्वेचाळीस दिवसांत आहे. २१ नोव्हेंबरला चीनमधील ग्वांगझू येथें, आशियाई स्पर्धेंत, तिनें तेंच अंतर ३१ मिनिटें ५१.४४ सेकंदांत कापलें. दिल्लीची शर्यत मुळांतच संथ चालली होती हें मान्य केलें तरी हिशेब बोलका आहे: पंचवीस फेऱ्यांपैकीं प्रत्येक फेरींत सरासरी तीन सेकंदांची बचत! हंडा वाहून असे सेकंद हातीं लागत नाहींत; ते फेरीमागून फेरी मोजून, रोजच्या सरावांत कमवावे लागतात. तरीही सुवर्णपदक केरळच्या प्रीजा श्रीधरन हिनें नेलें. दोघींमधलें अंतर एका सेकंदाहूनही कमी होतें. त्याच स्पर्धेंत पांच हजार मीटरमध्यें प्रीजा दुसरी आणि कविता तिसरी आली. २०१२ सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढें ती मॅरेथॉनकडे वळली. फेब्रुवारी २०१६ मध्यें दक्षिण आशियाई स्पर्धेंत २ तास ३८ मिनिटें ३८ सेकंदांत तिनें सुवर्णपदक पटकावलें आणि रिओ ऑलिंपिकचें दार उघडलें. तेथें मात्र घड्याळ तिच्यावर रुसलें. १४ ऑगस्टच्या उन्हांत २ तास ५९ मिनिटें २९ सेकंद लागले व क्रमांक १२० वा आला. गौरवाच्या भरांत हा आंकडा बहुधा वगळला जातो, तो वगळूं नये. बेचाळीस किलोमीटर धांवून ज्या शर्यतीचा शेवट गांठला, ती हिशेबांतून कां गळावी?

पुढच्याच वर्षीं लंडनच्या जागतिक अजिंक्यपद मॅरेथॉनमध्यें नाशिक जिल्ह्याचीच मोनिका आथरे धांवली. तिचा तालुका दिंडोरी. प्रशिक्षक मात्र तेच, विजेंद्र सिंह.