नाव कोण ठेवतो?

शिवी दर वेळी शिवीसारखीच येते असं नाही. कधी ती हार घालून येते.

जानेवारी १९३८. मुंबई विधानसभेत खेर सरकारनं लोकल बोर्डांचं दुरुस्ती बिल आणलं. त्यात अस्पृश्यांसाठी गांधींनी रूढ केलेला शब्द होता, 'हरिजन'. ऐकायला गोड. पण आमच्या माणसांना विचारलं होतं कोणी? स्वतंत्र मजूर पक्षाचे भाऊराव गायकवाड, म्हंजे आपले दादासाहेब, उभे राहिले नि सरळ सवाल टाकला: आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे काय राक्षसाची? उत्तर मिळालं ते मतांनी. शब्द बदलण्याची सूचना बहुमतानं पाडली. बाबासाहेब आपल्या आमदारांना घेऊन सभागृहाबाहेर पडले.

त्याच महिन्यात खोतीविरुद्ध कोकणातल्या कुळांचा मोर्चा बाबासाहेबांनी मुंबईत विधानसभेवर नेला होता. मला ह्या दोन गोष्टी एकत्रच दिसतात. माणूस जमीन मागतोय, आणि सरकार त्याला देवाचं लेकरू म्हणतंय! कूळ म्हटलं की खोताचं नाव घ्यावं लागतं. हरिजन म्हटलं की दयेवर भागतं.

'बहिष्कृत' हा शब्द तरी कुठं गोड होता? पण १९२४ ला सभेच्या नावात नि १९२७ ला पत्राच्या माथ्यावर बाबासाहेबांनी तोच घातला. त्यात बहिष्कार घालणारा लगेच दिसतो. पँथरच्या पोरांनी १९७२ ला 'दलित' उचलला, तोही असाच. जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका, असं राज्यांना कळवायला केंद्र सरकारला मात्र १९८२ उजाडलं.

आता घरातलं. झोंबेल, पण ऐका. रिपब्लिकन पक्ष १९५७ ला झाला, दोन वर्षांत फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट 'दुरुस्त', दादासाहेबांचा 'नादुरुस्त'. मूळ वाद मोठा होता: घटनेची वाट की जमिनीचा लढा? त्यावर वस्तीवस्तीत बोलायला पाहिजे होतं. लोकांच्या तोंडी राहिली ती दोन नावं. सरकारनं लादलेलं नाव ज्यानं परत फेकलं, त्याला आपल्याच माणसांनी नादुरुस्त म्हणावं! त्याच नादुरुस्तांनी डिसेंबर १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. हजारो बाया-माणसं तुरुंगात गेली.

हल्ली आपला एकच शब्द पाठ आहे, 'दलाल'. मागं एका बैठकीत एका पोरानं वर्गणीचा हिशेब मागितला. दोघं-तिघं ओरडले, "हा दलाल हाय!" पोरगा उठून गेला. हिशेब अजून बाकी आहे.