धार-देवासचा धडा : नव्या वेब डिझायनरने ग्राहक कसे मिळवावेत?

संकेतस्थळे तयार करण्याची विद्या आज घरबसल्या शिकता येते. तिला लागणारी साधनेही बहुतांशी विनामूल्य आहेत. अवघड असते ते पहिले काम मिळवणे, आणि त्याहूनही अवघड असते केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हाती येणे. नोकरी न करता स्वतंत्रपणे हा व्यवसाय करू पाहणाऱ्या छोट्या शहरातील तरुणांपुढे तर आणखी एक प्रश्न असतो : गावातच राहावे, की मोठ्या शहराची वाट धरावी?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मध्य प्रदेशातील धार आणि देवास ही पवार घराण्याच्या संस्थानांची दोन जुनी गावे उपयोगी ठरतात. इंदूरपासून देवास सुमारे ३५ किलोमीटरवर, तर धार सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. मोठ्या शहराच्या सावलीत राहून व्यवसाय करण्याची ही स्थिती फोंडा, डिचोली किंवा काणकोणच्या तरुणालाही अपरिचित नाही.

आश्रयदात्यांच्या काळातील दोन उदाहरणे

शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ मध्ये वसईचा. मुंबईत गिरगाव चौपाटीवर उभा असलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा ही त्यांचीच कृती. धारच्या महाराजांच्या निमंत्रणावरून ते त्या गावी गेले आणि तिथलेच झाले. त्यांचा स्टुडिओ ही धारची एक ओळख ठरली. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौकात उभा राहिलेला पुतळा आपल्या कर्त्याची शिफारस न बोलता करत असतो. वेब डिझायनरच्या बाबतीत हेच काम त्याने पूर्ण केलेली, चालू स्थितीतील संकेतस्थळे करतात.

देवासचे उदाहरण सावध करणारे आहे. या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खासगी सचिव होते. त्या अनुभवांवरील त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संस्थानाची आर्थिक घडी पार विस्कटली, महाराजांनी देवास सोडून पाँडिचेरी गाठली आणि १९३७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ज्यांची उपजीविका त्या एकाच दरबारावर अवलंबून होती, त्यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला असेल, हे सांगायला नको. आश्रयदाता कितीही उदार असला, तरी तो एकटाच असणे धोक्याचे, हा त्यातला धडा आहे.

ग्राहक कुठे शोधावा?

पहिला ग्राहक बहुधा ओळखीतूनच येतो : नात्यातील दवाखाना, शाळासोबत्याचे दुकान, गावचे गणेशोत्सव मंडळ. मात्र ओळखीचे काम म्हणजे फुकटचे काम नव्हे. सवलत द्यायचीच असेल, तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सवलत दाखवावी. त्यामुळे कामाचे मोल ग्राहकाला कळते आणि त्याच्या शिफारशीने येणारा पुढचा ग्राहक फुकटाची अपेक्षा धरत नाही.

त्यानंतर परिसरातील एखादा व्यवसाय निवडून त्याची गरज नीट अभ्यासावी. धार जिल्ह्यातच तीन निरनिराळ्या तऱ्हेचे ग्राहक आढळतात. पीथमपूर औद्योगिक वसाहतीत वाहननिर्मिती कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान उद्योजकही आहेत. अशा उद्योजकाचे संकेतस्थळ पाहणारा माणूस म्हणजे एखाद्या कंपनीचा खरेदी अधिकारी. त्याला सजावट नको असते. यंत्रांची यादी, उत्पादनक्षमता, गुणवत्ता प्रमाणपत्रे आणि दरपत्रक मागवण्याची सोय हवी असते.

मांडूच्या निवासगृहांची गरज वेगळी. तिथे पर्यटकांची गर्दी पावसाळ्यात होते. म्हणून त्यांच्या मालकांना जुलैच्या धांदलीत गाठण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये भेटावे. मोबाइलवर चटकन उघडणारे पान, खोल्यांची खरी छायाचित्रे, रस्त्याचा नकाशा आणि थेट आरक्षण एवढे साधले, की मालकाला दलालीत वाचणारा पैसा दिसू लागतो.

बाग येथील ठसेछपाईचे कापड विकणाऱ्या कारागिरासाठी ठसा, रंग आणि नदीवरील धुलाई यांची चित्रमय माहिती महत्त्वाची ठरते. या छपाईला भौगोलिक निर्देशांक, म्हणजेच जीआय मानांकन आहे. मात्र ते नाव आणि चिन्ह वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच असतो. तेव्हा ते पानावर टाकण्यापूर्वी नोंदणीची खात्री करावी. गोव्यात काजू फेणी किंवा खोलाच्या मिरचीचे संकेतस्थळ करणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

भाषा हेही माळव्यातील मराठी तरुणाचे भांडवल आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत निर्दोष काम करणारा डिझायनर पुण्या-मुंबईच्या ग्राहकालाही हवा असतो. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी असतात. पानाच्या संकेतात भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि योग्य फॉन्ट निवडला, तर ती बरोबर उमटतात. अशा बारकाव्यांमुळे दूरचा ग्राहकही टिकतो.

पहिल्या भेटीत काय दाखवावे?

हाती एकही काम नसेल, तर परिचित व्यवसायासाठी दोन-तीन नमुना संकेतस्थळे तयार करावीत आणि ती नमुना असल्याचे स्पष्ट लिहावे. भेटीत तांत्रिक शब्दांचा मारा टाळावा. ग्राहक आपल्याला कसे शोधतात, फोनवर कोणते प्रश्न वारंवार विचारतात, हे आधी मालकालाच विचारावे. त्याच्या उत्तरांतूनच संकेतस्थळाचा आराखडा तयार होतो. भेटीनंतर दोन दिवसांत एका पानाचा लेखी प्रस्ताव पाठवावा. आठवड्याने एकदा विचारणा करावी. त्यानंतर मात्र पाठपुराव्याचा तगादा होऊ देऊ नये.

दर, आगाऊ रक्कम आणि करार

दर ठरवताना शेजाऱ्याचा आकडा न पाहता स्वतःचे तास मोजावेत. महिन्याला ३०,००० रुपये हवे असतील आणि प्रत्यक्ष मोबदल्याचे काम १०० तासच होत असेल, तर तासाचा दर ३०० रुपये पडतो. त्यात वीज, इंटरनेट आणि साधनांचा खर्च मिळवावा लागतो. सुरुवातीला ४० टक्के, आराखडा मान्य झाल्यावर ३० टक्के आणि संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी उरलेले ३० टक्के, अशी विभागणी दोघांनाही सोयीची ठरते.

करारात पानांची संख्या, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, मजकूर कोण देणार आणि पुढील देखभालीचा दर ही कलमे असावीत. डोमेन नेहमी ग्राहकाच्याच नावे घ्यावे. ते स्वतःकडे अडकवून पैसे वसूल करण्याची युक्ती छोट्या गावात नाव कायमचे घालवते. उलट, लेखी हस्तांतर झालेले नसेल, तर स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या रचनेचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे पूर्ण रक्कम मिळताच हक्क ग्राहकाकडे जातील, असे कलम घालावे.

थकबाकीला कायद्याचा आधार

‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि ती पहिले काम स्वीकारण्यापूर्वीच करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. गोवा आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत केवळ सेवा पुरवणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते.

एकावर विसंबू नये

पहिल्या वर्षी एखादाच मोठा ग्राहक मिळाला, की नव्या डिझायनरचा शोध थांबतो. इंदूरची एखादी संस्था नियमित काम देऊ लागते आणि महिन्याची चिंता मिटते. पण ते काम बंद पडले, की सारे पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागते. एकूण उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग एकाच ग्राहकाकडून येऊ लागला, तर आठवड्यातला एक दिवस नव्या ग्राहकांच्या भेटींसाठी राखून ठेवावा. लहान ग्राहकांची वार्षिक देखभालीची कामे रकमेने छोटी असली, तरी दरवर्षी ठरल्या वेळी येतात. अशी दहा-बारा कामे हाताशी असली, तर एक मोठा ग्राहक गेल्यामुळे कोणावर गाव सोडण्याची पाळी येत नाही.