अफवा, प्लेग आणि बागबाजार

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात जमावाने मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. मुले पळवणाऱ्यांविषयीचे मेसेज त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. हा उपाय वेगावरचा झाला. असा मेसेज माणसाला खरा का वाटतो, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोलकात्यातही होता. त्याची सुरुवात आपल्याकडे, मुंबईत झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात नेणे, घराची झडती घेणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला त्यासाठी मोठे अधिकार दिले. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, अशी वदंता पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात तर गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण दार ठोठावणारा शिपाई खरा होता. अफवेचा अभ्यास करताना या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते.

एप्रिल १८९८ च्या अखेरीस कोलकात्यात प्लेग जाहीर झाला. रुग्ण थोडे होते, घबराट अफाट. मुंबई-पुण्याच्या हकिकती आधीच पोचल्या होत्या. सरकार सर्वांना बळजबरीने टोचणार आणि टोचलेला माणूस मरणार, असे बोलले जाऊ लागले. वास्तविक मुंबईत तयार झालेली हाफकिन यांची लस घेणे ऐच्छिक होते. लोक शहर सोडून पळाले. टोचणारा समजून भलत्याच माणसांना रस्त्यात मारहाण झाली. राईनपाड्याशी याचे साम्य सांगण्याची गरज नाही.

रामकृष्ण मिशनची स्थापना १ मे १८९७ रोजी उत्तर कोलकात्यातील बागबाजारात, बलराम बसू यांच्या घरी झाली होती. मे १८९८ मध्ये दार्जिलिंगहून परतताच विवेकानंदांनी प्लेगविषयी एक पत्रक तयार केले. ते बंगालीबरोबर हिंदीतही होते, कारण शहरातला कष्टकरी वर्ग बराचसा हिंदी बोलणारा होता. अफवांकडे लक्ष देऊ नका, सक्तीने कोणालाही टोचले जाणार नाही, घर व अंग स्वच्छ ठेवा, असे त्यात सांगितले होते. मदतीला कोणी नसेल तर कुठे कळवावे तेही दिले होते. माझ्या मते पत्रकाचे बळ याच ओळीत आहे. अफवेला धनी नसतो, ‘कोणीतरी सांगितले’ एवढ्यावर ती चालते. इथे सांगणाऱ्याचे नाव होते, पत्ता होता आणि तिथे जाऊन खात्री करता येत होती. आज फोनवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसतो, तेव्हा मूळ लिहिणारा कोण हे त्यावरून कळत नाही. मेसेज पुढे पाठवण्याआधी निदान एवढे पाहता येते: लिहिणारा कोण, तारीख कोणती, विचारायला जागा आहे का.

पत्रकाने साथ थांबली नाही. १८९९ मध्ये प्लेग पुन्हा आला. बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहून मुलींची शाळा चालवणाऱ्या भगिनी निवेदिता मिशनच्या प्लेग समितीच्या चिटणीस झाल्या. वस्त्यांच्या सफाईचे काम स्वामी सदानंदांकडे होते. बागबाजारच्या एका वस्तीत, आई प्लेगने गेलेल्या आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या निवेदितांची आठवण डॉ. राधागोविंद कर यांनी सांगितली आहे. डॉक्टरांनी सावध केले तरी त्या उठल्या नाहीत.

२२ एप्रिल १८९९ रोजी क्लासिक थिएटरमध्ये निवेदितांनी ‘प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य’ या विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी विवेकानंद होते. व्याख्यानानंतर पंधरा विद्यार्थ्यांनी नावे दिली आणि ते सदानंदांबरोबर वस्त्यांत जाऊ लागले: गल्ल्या झाडायला आणि घरोघरी स्वच्छतेची माहितीपत्रके द्यायला.